रजिस्टरातली पहिली ओळ

बिरादार बाई पाठ टेकून बसल्यात, असं मी एकोणीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. लातूरच्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि मी गणित. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराजवळ, आणि त्या खुर्चीच्याही कडेला टेकायच्या. चहा निम्मा प्यायच्या, निम्मा तसाच ठेवायच्या, आणि घंटा व्हायच्या आधी उठून उभ्या. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा, कडुलिंबाचा वाळका पाला, भाकरी, लसणाची चटणी आणि एसटीचं टाइमटेबल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई घरी जायच्याच नाहीत, थेट स्टँडवर. शाळेतले शिपाईमामा म्हणायचे, "बाईच्या पायाला भिंगरी हाय." त्यांच्या सासूबाई याहून रोखठोक. "वढाळ हाय आमची सून. दावं तोडून पळणारी." हे बाई स्वतःच हसत सांगायच्या, आणि सांगता सांगता घड्याळ बघायच्या.

त्या पळायच्या कशामागं? तर जुन्या बायांच्या कागदांमागं. कुणाच्या माळ्यावर सापडलेली पत्रं, ओव्यांच्या वह्या, पोरीचं नाव घातलेली निजामाच्या वेळची शाळेची पुस्तकं, पाककृतींची फाटकी पुस्तकं, बायकांची बंद पडलेली मासिकं. बाईनं लिहिलेलं, बाईला लिहिलेलं, नाहीतर बाईनं समासात खरडलेलं काहीही. घरात दोन खोल्या, आणि दोन्हींत भिंतीला लागून गोडेतेलाचे रिकामे डबे, धुऊन, वाळवून, वर आकडे घालून. माणसाला पाय ठेवायला जागा नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, एक ना धड भाराभर चिंध्या!"

"चिंध्यांचीच गोधडी होती गं," त्या म्हणाल्या. "सरक जरा, त्या डब्याला ऊन लागू दे."

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं, राहता कुठं, मिस्टर काय करतात. बाईंनी विचारलं, "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

"कदम."

"आडनाव न्हाई विचारलं. नाव. लग्नात बदललं असंल की. त्याच्या आधीचं."

आईचं नाव मंदाकिनी, यापलीकडं मला ठाऊक नव्हतं. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या बूथवरून नांदेडला आईला फोन लावला. आई आधी म्हणाली, "कामून? रेशनकार्डाला लागून राहिलं का?" मग काहीच बोलेना. फोन कट झाला वाटून मी हॅलो हॅलो करत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "शेवंता." आधी हसली, मग रडली, आणि म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नको मी रडले म्हणून." माझी मलाच लाज वाटली. पोरींना वर्गमुळं शिकवायची आणि स्वतःच्या आईचं नाव माहीत नाही!

आमच्याकडं ही रीतच. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, अंगठीनं त्यात पोरीचं नवं नाव लिहितात, पेढे वाटतात. तांदूळ गोळा केले की जुनं नाव संपलं. बाईंच्या लग्नात ताट पुढं आलं तेव्हा बाईंनी तांदळावर आडवा हात धरला होता म्हणे. मांडवात सगळे बघतच राहिले. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई तुझं कौशल्या. पेढे तरी वाटा."

बाईंकडं एक रजिस्टर होतं, हजेरीपटासारखं लांबडं, लाल कापडाच्या पाठीचं. जिच्या जिच्या हातचा कागद मिळाला तिची त्यात एक ओळ. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, काय मिळालं. मी गणिताची असल्यामुळं माझ्या लगेच ध्यानात आलं, आकडे दोनपासून सुरू होतात. पहिली ओळ कोरी.

"बाई, एक कुठं गेला?"

"तो माझ्या आईचा हाय," त्या म्हणाल्या.

बाई चार वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. अहमदपूरच्या पलीकडचं सासर, तिथं तिला सुभद्रा म्हणायचे. माहेर नांदेडच्या बाजूला, नदीकाठी. तिची माणसं लवकर गेली, आणि पुढं ते गावच धरणात गेलं. लोक चौवाटा झाले. वडलांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नाव काढायचंच बंद केलं. आधीही कुठं काढत होते म्हणा. बायकोला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. बाईंनी थोरपणी एकदा धीर करून विचारलं, आईचं माहेरचं नाव काय होतं? ते म्हणाले, "नाव कशाला पाहिजे? आई होती, आई म्हण." त्यावर विषय संपला. फोटो नाही, कागद नाही.

"पाच-सहा वरसं ती सुभद्रा होती," बाई म्हणायच्या. "त्याच्या आधीची सोळा-सतरा वरसं कोण होती मग? चौथी शिकलेली होती म्हणतात. म्हणजे कुठंतरी अक्षर असंलच की तिचं."

म्हणून ही वणवण. धरणात गेलेल्या त्या गावात जन्मलेल्या बायकांची बाईंनी यादीच केली होती. कोण कुठं दिली, जिवंत आहे का, कुणाच्या ट्रंकेत काय आहे. एकेकीकडं जायचं, आणि जाता जाता दुसऱ्या बायांचे कागद हाती लागायचे तेही आणायचे. लोकांना वाटायचं बाई संशोधन करतात. संशोधन तर होतंच, पण मला ठाऊक होतं, ही बाई आईला शोधून राहिलीय. मी एकदा आगाऊपणानं बोलून गेले, "आणि बाई, नाव धोंडी निघालं तर? नकोशी निघालं तर?"

बाईंनी पिशवीचा बंद आवळला. "निघू दे. नको होती तर नको होती. पण कळू तर दे."

माझ्याकडं स्कूटी होती, हा माझा गुन्हा. रविवारी पहाटे फोन यायचा. "अगं ए गणित, उठलीस का?" आणि मी पोरांचे डबे नवऱ्याच्या गळ्यात मारून निघायची. अहमदपूरला एका घरी म्हाताऱ्या सुइणीची वही गव्हाच्या कोठीखाली टेकण म्हणून घातली होती. कोठी डुगडुगते म्हणून सून वही देईना. बाईंनी तिथल्या तिथं आपली भाकरी पदरात घेतली आणि डबा कोठीखाली सरकवला. वहीत एक अक्षर नव्हतं, सुइणीला लिहिताच येत नव्हतं. मुलगा झाला की रेघ, मुलगी झाली की टिंब. काही टिंबांवर फुली. मी हिशेब करायला बोट पुढं केलं तर बाईंनी वही मिटली. "मोजू नको," म्हणाल्या.

पण बाईंचा खरा स्वभाव मला कळला तो नांदेडला, गोदावरीच्या घाटावर. यादीतल्या एका बाईला भेटून आम्ही पाणी बघायला म्हणून पायऱ्यांवर आलो होतो. एक माणूस आईच्या अस्थी सोडून झाल्यावर वह्यांचा गठ्ठा पाण्यात सोडायला लागला. मी बघेपर्यंत बाई पाण्यात! साठीला टेकलेली बाई, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, आणि गठ्ठा छातीशी. तो माणूस ओरडला, "ओ बाई, डोकं फिरलं का? आईच्या जपाच्या वह्या हायेत त्या. तिला मोक्ष मिळू द्या!"

"मोक्ष मिळाला तिला. वह्यांना कामून बुडवतोस?"

खरंच जपाच्या वह्या होत्या. पानंच्या पानं रामनाम, दुसरं काही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र ओल्या पायऱ्यांवर बसून एकेक पान सोडवत होत्या. आणि एका पानावर, नामाच्या दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात काहीतरी वेगळं दिसलं. बाईंचा चष्मा भिजला होता, म्हणून वही माझ्याकडं दिली. मी वाचलं, "आज पाय लई दुखून राहिला. कुणाला सांगू." आणि थांबले.

"पुढं?"

"पुढं नाही काही."

बाईंनी वही ओढून घेतली, डोळ्याशी धरली आणि त्या माणसासमोर मोठ्यानं वाचली. "आज सून जेव म्हणली न्हाई. पोराला दिसलं. पोरगं बी काही बोललं न्हाई."

तो माणूस जागच्या जागी खाली बसला. मी बाईंना हलक्या आवाजात म्हटलं, "काय गरज होती? आजच्या दिवशी?"

"गणित, कागदावर हाय ते वाचायचं," बाई म्हणाल्या. "जसंच्या तसं. एक अक्षर गाळायचं न्हाई, एक घालायचं न्हाई. तिला जिवंतपणी कुणी बोलू दिलं न्हाई, आता आपण बी तिचं तोंड दाबायचं?"

मला राग आला होता. पण तो माणूस उठला, सदरा काढला आणि लांब वाहत गेलेल्या दोन वह्या आणायला स्वतः पाण्यात उतरला. जाताना ती एक वही त्यानं मागून घेतली, बाकीच्या बाईंना दिल्या.

कागद वाचायला मला बाईंनीच शिकवलं. मयतीचं पत्र कसं ओळखायचं तेही. एरवी कुठल्याही पत्राच्या डोक्यावर 'श्री' असणारच. मयतीच्या पत्रावर तो नसतो. तसलं कार्ड आलं की उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही. "म्हणून तर," बाई चिडून म्हणायच्या, "बाया जन्मल्याचे कागद सापडतात, लग्नाचे सापडतात. मेल्याचा एक सापडत न्हाई. माझी आई मेल्याचं कार्ड कुणाला तरी गेलंच असंल की. त्यानं फाडलं असंल. रीतच हाय ना."

बाई रिटायर झाल्या, गुडघे गेले, पण वणवण थांबली नाही. उलट वाढली, कारण यादीतली नावं भराभर पुसली जात होती. पोचावं तर दारात तेराव्याचा मांडव. गेल्या हिवाळ्यात यादीत एकच नाव उरलं. पार्वतीबाई, माहूरच्या अलीकडं एका खेड्यात. वय शहाऐंशीच्या पुढं. "ही शेवटची," बाई म्हणाल्या. "हिच्यात न्हाई मिळालं तर ओळ तशीच ऱ्हाईल." मी रजा टाकली.

लातूरहून नांदेड, नांदेडहून माहूरची गाडी. बाई सगळ्या वाटेत सीटच्या कडेला. रेणुकेच्या दर्शनाला निघालेल्या बायका ओट्या घेऊन बसलेल्या, एकीनं विचारलं, "देवीला निघाल्या का?" बाई म्हणाल्या, "हाव, तसंच समजा."

पार्वतीबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. नजर अधू, कान मात्र नीट. सून चहा ठेवून शेतात गेली. तुमच्या माहेराकडच्या आम्ही, असं सांगून बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?"

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "ठकी. अगं, ठकी म्हणायचे मला! साठ-सत्तर वरसं झाली, कुणी इचारलं न्हाई."

"आन तुमच्या बरोबरीच्या पोरी?"

तिनं बोटांवर मोजलं. "चंद्री, सोजर, गोदी... आन माझी हौसा. हौसा म्हंजी माझा जीव. चार पोरांच्या पाठीवर झाली म्हणून तिच्या बापानं गावभर गूळ वाटला होता. लई लांब दिली तिला, अहमदपूरच्या तिकडं. तिथं सुभद्रा ठिवलं म्हणं तिचं नाव. मला न्हाई आवडलं."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हौसा! बाईंचे ओठ हलले, 'मी तिची' एवढं तरी त्या बोलणार होत्या. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तिचं कार्ड हाय माझ्यापाशी. बाकीची उंदरांनी खाल्ली, हे एक कुंकवाच्या करंड्यात होतं म्हणून ऱ्हायलं. पोरांना, सुनंला दावलं न्हाई कधी, टिंगल करत्यात. तू माहेराकडून आलीस, तू वाच."

आईचं अक्षर! वीस-पंचवीस वर्षं जे शोधलं ते करंड्यातून निघत होतं. बाईंनी पिशवीतून धोतराचा तुकडा काढून मांडीवर पसरला आणि दोन्ही हातांत कार्ड घेतलं. पिवळं पडलेलं पोस्टकार्ड, कुंकवाचे डाग. मी खांद्यावरून पाहिलं. वर 'श्री' नव्हता.

आणि अक्षर आईचं नव्हतं. खाली सही होती ती बाईंच्या वडलांची. चारच ओळी. 'आपले कार्ड मिळाले. आपण जिला हौसा म्हणून लिहिता ती आमच्या घरची सौ. सुभद्रा आजाराने वारली. मागे चार वर्षांची मुलगी आहे. पुन्हा कार्ड पाठवू नये.'

"मला कुठं वाचता येतंय, मालकानं वाचलं होतं तवा," म्हातारी सांगत होती. "मी पोटुशी होते, पहिलटकरीण. म्हणले, हौसा खुशाल हाय, पोरगी बी बरी हाय, पर आता कार्ड टाकू नको म्हणती. मग मी न्हाई टाकलं. तिनं बी न्हाई. लई राग आला मला तिचा. आता मालक बी गेले. वाच ना गं, काय लिवलंय नेमकं?"

मला सगळं उमगलं. पोटुशी बायकोला धक्का नको म्हणून नवरा खोटं बोलला, आणि एकदा खुशालीचं म्हणून वाचल्यावर फाडणार कसं? म्हणून ते कार्ड राहिलं. जगातलं न फाडलेलं ते एकच मयतीचं कार्ड असेल, आणि ते बाईंच्या आईचं. जसंच्या तसं, एक अक्षर गाळायचं नाही. घाटावरचा तो माणूस मला आठवला.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. आणि वाचलं, "श्री."

पहिलाच शब्द कार्डावर नव्हता.

"माझी जिवाची ठकी, हिला हौसाचा नमस्कार. मी खुशाल हाय..."

"आन पोरगी? पोरगीचं लिवलंय ना?"

बाई कार्डाकडं बघतच म्हणाल्या, "लिवलंय. पोरगी चार वरसाची झाली. बरी हाय. पर लई वढाळ हाय. घरात पाय ठरत न्हाई तिचा. दिवसभर कुणाला हुडकती, काय की."

म्हातारी खळखळून हसली. "आईवर गेली! हौसा बी तशीच, वढाळ! नदीला जायचं म्हणलं की घागर घेऊन हीच पुढं. हिची आई म्हणायची, दाव्यानं बांधा हिला!"

बाईंनी मान खाली घातली. म्हातारीनं विचारलं, "आन कार्ड टाकू नको असं कामून लिवलं तिनं?"

"तसं न्हाई लिवलं, मावशी. लिवलंय, मला हितनं कार्ड टाकता येत न्हाई आता. म्हणून तू राग धरू नको."

"असं व्हय," म्हातारी म्हणाली. बराच वेळ तिनं बाजेच्या सुंभावरून हात फिरवला. "मालकानं एवढं वाचलंच न्हाई बघ. मी उगंच राग धरला इतकी वरसं." मग तिनं बाईंच्या मांडीवरचा धोतराचा तुकडा चाचपला. "तुला लागतंय का हे? लागत असंल तर ने. आता ऐकलं मी."

कागद मागे सोडून आल्या, असं बाईंच्या हातून कधी झालं नव्हतं. बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, करंड्यात ठेवलं, झाकण लावलं आणि करंडा म्हातारीच्या हातात दिला. "तुमच्या मैत्रिणीचं हाय. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

निघताना म्हातारी म्हणाली, "तू कुणाची गं, लेकी? इचारायचंच ऱ्हायलं."

"लांबची हाय, मावशी," बाई म्हणाल्या. चपला घालताना त्यांनी दाराची चौकट धरली.

फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्हीच म्हणायच्या ना, जसंच्या तसं?"

"म्हणायचे," बाई म्हणाल्या. "चुकले असंल तर चुकले. पर गणित, आख्ख्या जगात माझी आई त्या एका म्हातारीच्या डोक्यात जित्ती हाय. तिथं बी मारू तिला?" आणि मग रडल्या. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, मोठ्यानं, भर रस्त्यात. रजिस्टर पिशवीत होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी ते काढलं आणि हलत्या गाडीत पहिली ओळ भरली. अक्षर वेडंवाकडं आलंय. माहेरचं नाव, हौसा. सासरचं नाव, सुभद्रा. गाव, पाण्याखाली. काय मिळालं, या खान्यात लिहिलंय, 'कार्ड मैत्रिणीकडे आहे. तिथेच असावे.'

मला वाटलं आता तरी ही बाई स्वस्थ बसेल. कसलं काय! परवा सकाळी मी बहिणीला गाडीत बसवायला लातूरच्या स्टँडवर गेले होते. नांदेडच्या गाडीच्या दारात, गुडघ्यावर हात देऊन चढत होत्या बिरादार बाई. खांद्याला पिशवी नव्हती. हातात फक्त गुळाचा पुडा.

मी ओरडले, "बाई, आता कुठं? यादी तर संपली!"

"ठकीमावशीकडं," त्या खिडकीतून म्हणाल्या. "बोलावलंय तिनं. पुन्हा एकदा कार्ड वाचून दाखव म्हणती."

गाडी सुरू झाली. बाई सीटच्या कडेलाच बसल्या होत्या.